मास्तर दिसले पाहिजेत

शाळेच्या विहिरीतली मोटार पाण्याऐवजी गाळ ओढायला लागली आणि त्याच आठवड्यात शेतकी शाळेच्या वसतिगृहाला कुलूप लागलं. पोरापोरींनी वळकट्या उचलल्या. निघताना शाळेने प्रत्येकाच्या हातात एकेक पाटी दिली. पाटीत कोयीपासून वाढवलेली आंब्याची रोपं, काळ्या पिशव्यांमधली. "रोपं घरी जगवा, शिकवणं मोबाइलवरून होईल," प्राचार्यांनी सांगितलं. कलमाचे मास्तर शेजारीच उभे होते. कलम बांधायला मोबाइलवरून शिकवायचं म्हणजे अंगणात पालथं पाडून पोहायला शिकवायचं, हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण प्राचार्यांपुढे ओठांवरचं ओठांवरच ठेवायची त्यांना जुनी सवय होती.

मास्तरांचं सगळं शिकवणं हाताचं. वर्गात खुर्चीवर ते कधी टेकले नाहीत. पोरं खाली मांडी घालून काड्या तासायला लागली की मास्तर पाठीमागून फिरायचे. कोणाचा हात चुकतोय ते त्यांना पात्याच्या आवाजावरून कळायचं. मग मागूनच वाकून त्याचं मनगट धरायचे आणि चाकू एकदा आपल्या जोराने फिरवून दाखवायचे. बोलणं कमी, शिव्या चिकार. 'शाब्बास' वर्षाकाठी एखाद्याच्याच वाट्याला यायचं, आणि ज्याच्या वाट्याला यायचं तो ते गावभर सांगत सुटायचा.

मास्तरांच्या घरी रेंज मिळायची ती फक्त त्यांच्या छोट्या रोपवाटिकेच्या कोपऱ्यातल्या सिमेंटच्या टाकीवर. टाकी कोरडी ठणठणीत. चढायला लाकडी शिडी, वर बांबूला बांधलेली छत्री, समोर पालथ्या बादलीवर विटेला टेकवलेला मोबाइल. मास्तर सकाळचं ऊन पाठीवर घेऊन बसायचे. मोबाइल तापला की बंद पडायचा, म्हणून त्याच्याखाली ओलं फडकं. स्वतःच्या डोक्यावर मात्र कोरडंच.

"दिसतोय का मी?"

पडद्यावर नुसते काळे चौकोन. चौकोनात नावाचं एकेक अक्षर.

"अरे, दिसतोय का? आवाज तरी येतोय का? का मेलात सगळे?"

"येतोय, मास्तर," एक बारीक आवाज यायचा.

ती सुताराची मुलगी. बोलायची ती एकटीच. अधूनमधून कॅमेराही लावायची. मग बापाच्या कामाच्या फळ्या, लाकडाचा भुसा आणि तिचं अर्धं कपाळ दिसायचं. बाकीच्यांचं ठरलेलं उत्तर होतं, कॅमेरा लावला की नेट संपतं. ते खोटंही नव्हतं. पण त्या काळ्या चौकोनांमागे कळश्या आदळायच्या, गुरं हाकलली जायची, आणि एकदा तर कोणाची तरी आई स्पष्ट म्हणाली, "राहू दे तो मोबाइल तिथेच बोलत. तू जा, रांगेत उभा राहा." मास्तर तसेच पुढे बोलत राहिले. बोलता बोलता त्यांच्या मनात आलं, विहिरीत वाकून हाक मारली तर निदान आपलाच आवाज तरी परत येतो.

पहिल्या पंधरवड्यातच प्राचार्यांचा फोन आला.

"मास्तर, तुमचा वर्ग लाल दिसतोय."

"लाल म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही दिसत नाही. वर्गात शिक्षक आहे असं मुलांना वाटलं पाहिजे ना. संगणक सगळं टिपतो. तुमचा चेहरा किती वेळ दिसला, तुम्ही कोणाचं नाव घेतलं, सगळं. तुमचे तर नुसते हातच दिसतात."

"साहेब, कलम हातानेच बांधतात. माझं तोंड बघून काय करणार ती?"

"ते मला पटतंय हो. पण वरच्यांना कोण पटवणार? असंच लाल राहिलं तर ते तुमचा वर्ग बंद करून तयार व्हिडिओ लावणार आहेत. कुठल्याशा मोठ्या बागेतल्या साहेबाचे. तुम्हाला मग भांडारात बसावं लागेल, खताची पोती सांभाळत."

मास्तरांनी फोन ठेवला. सगळं आयुष्य ज्या हातांवर काढलं त्यांना आता पोती मोजायला लावणार. आणि पोरांचं काय? परीक्षेला प्रत्येकाने स्वतःच्या हाताची, जगलेली कलमं घेऊन यायची, हा शाळेचा नियम. कलमं नाहीत तर वर्ष गेलं. व्हिडिओतला साहेब कोणाचं मनगट धरणार होता? पण मनगट तर आता त्यांनाही धरता येत नव्हतं, आणि हेच त्यांना आतून खात होतं.

कार्यालयातल्या संगणकवाल्या बाईंनी युक्ती सांगितली. "चेहरा मधोमध ठेवा, मास्तर. थोडं हसा. आणि मधून मधून एकेकाचं नाव घेऊन शाब्बास म्हणा. मुलं टिकून राहतात."

"काम न बघताच?"

"बघून काय करायचंय? उत्साह वाढतो."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मोबाइल वर उचलून तोंडासमोर टेकवला. हात चौकटीबाहेर गेले. त्यांनी हसायचा प्रयत्न केला. आपण दाढदुखी झाल्यासारखे दिसतो हे त्यांना पडद्यावर दिसतच होतं. मग घसा खाकरून म्हणाले, "जुळ्या बहिणींनो... शाब्बास." चौकोन काळेच. "टोपीवाल्या, शाब्बास. पंपवाल्याच्या, तुझंही छान चाललंय." पंपवाल्याच्या मुलाचा मोबाइल बापाच्या दुकानात पडलेला असायचा, त्यातून फक्त पंपाच्या मोटारींना तार गुंडाळण्याची घरघर यायची. त्या घरघरीला शाब्बास म्हणताना मास्तरांना स्वतःचीच शिसारी आली. वर्ग मात्र लालाचा पिवळा झाला.

कलमाचा हंगाम काही कोणासाठी थांबत नाही. मास्तरांनी शाळेत जाऊन मातृवृक्षाच्या, म्हणजे ज्या जातिवंत आंब्याची कलमं करायची त्या झाडाच्या, तयार काड्या कापल्या. झाड तहानेने पान गाळत होतं, दुसरी फूट येण्याची आशा नव्हती, म्हणून होत्या तेवढ्या सगळ्या काढल्या. काडीचे शेंडे सुकले होते, तेही छाटून टाकले. ओल्या गोणपाटात जुड्या बांधल्या आणि दुधाच्या गाडीवाल्याच्या हातापाया पडून गावोगाव पाठवल्या. मग टाकीवर बसून दोन दिवस पाचर कलम शिकवलं. काडीच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, रोपाचं खोड वरून छाटून मधोमध चिरायचं, चिरेत पाचर बसवायची, सालीला साल भिडवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळायचं. हे सगळं त्यांनी हसऱ्या तोंडाने सांगितलं. हात खाली, मांडीवर, कोणाला न दिसता काम करत होते.

इकडे घरची रोपवाटिकाही वाळत चालली होती. पाण्याचा टँकर यायचा तो नेमका वर्गाच्या वेळी. आला की प्रत्येकाने आपला पाइप घेऊन पळायचं. ज्याचा पाइप आधी लागला त्याचं पाणी. मास्तरांची बायको एकटीच तो जाड पाइप खांद्यावर घेऊन उतार चढायची. त्या दिवशी पाय घसरला. पाइप अंगावर घेऊनच ती खाली बसली. पाणी दुसऱ्याच्या हौदात गेलं.

मास्तर वर्ग संपवून खाली उतरले तेव्हा ती ओट्यावर पडून होती. त्यांची मुलगी तिच्या कमरेला तेल चोळत होती.

"हाक मारायची ना," मास्तर म्हणाले.

"मारली. दोनदा मारली. तुम्ही वर बसून कोणाला तरी शाब्बास म्हणत होतात."

मास्तरांनी तेलाची वाटी मुलीजवळ सरकवली.

"इतक्या वर्षांत मला एकदा म्हणाला नाहीत ते," बायको भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "उद्या टँकर आला तर मी काही उठत नाही. वर्ग चालवा नाहीतर झाडं जगवा. दोन्ही मला झेपणार नाही."

तोडगा मुलीने काढला. ती कॉलेजात होती, तिचेही वर्ग असेच मोबाइलवर चालायचे, त्यामुळे या विषयातलं तिला सगळं ठाऊक होतं.

"बाबा, तुमचा कालचा वर्ग रेकॉर्ड झालाय. तो माझ्या मोबाइलवर लावायचा आणि तुमच्या मोबाइलसमोर उभा करायचा. तुम्ही खुशाल जा टँकरला."

"पोरांना कळणार नाही?"

"बाबा, आमच्या एका सरांना आम्ही महिनाभर ऐकतोय. ते आहेत का नाहीत, आम्हाला अजून माहीत नाही."

मास्तरांनी आढेवेढे घेतले. पण सकाळी टँकरचा भोंगा वाजला तेव्हा बायको खरोखरच उठली नाही. उठू शकत नव्हती. मुलीने टाकीवर दोन्ही मोबाइल समोरासमोर उभे केले आणि तीही आईला दवाखान्यात घेऊन गेली. मास्तर पाइप खांद्यावर टाकून पळाले.

आणि टाकीवर एक मोबाइल दुसऱ्या मोबाइलला कलम शिकवायला लागला.

पाइप टँकरला लावून मास्तर पाइपाचं तोंड आवळून उभे होते. तोंड सोडलं की पाइप उडतो, तेव्हा हलायची सोय नव्हती. पाणी अंगावर उडत होतं. मागे रांगेत वादावादी चालली होती, ड्रायव्हर भोंगा वाजवत होता. एवढ्या गलक्यातून टाकीवरचा त्यांचाच आवाज त्यांना ऐकू येत होता. "जमतंय का? जमलंच पाहिजे." मग एक बारीक आवाज आला. सुताराची पोर काहीतरी विचारत होती. शब्द कळले नाहीत. मास्तरांनी मान उंचावली, पाइपावरची पकड जरा ढिली झाली, तसा ड्रायव्हर खेकसला, "अहो मास्तर, पाणी सांडताय!" त्यांनी पुन्हा पाइप आवळला. वरून त्यांचा आवाज आला, "शाब्बास! सुताराची पोर हुशार आहे. अस्संच कर, सगळ्या काड्यांना अस्संच."

बोलतेय म्हणजे ठीकच चाललं असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. हौद भरत आला होता.

संध्याकाळी प्राचार्यांचा फोन. "मास्तर, आज तुमचा वर्ग हिरवा! चेहरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत. एका मुलीने प्रश्नसुद्धा विचारला म्हणे. हेच हवं होतं. तुमच्या वर्गाला आता कोणी हात लावत नाही."

मास्तरांनी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ चपलेच्या टोकाने माती उकरत बसले. इतकी वर्षं जीव ओतला तेव्हा कोणी विचारलं नव्हतं, आणि ज्या दिवशी ते नव्हते त्याच दिवशी ते सगळ्यांत जास्त दिसले होते. त्यांना मोबाइल हौदात फेकावासा वाटला. फेकला नाही. पुढच्या टँकरला पुन्हा तेच केलं, आणि त्याच्या पुढच्यालाही.

बायको काठी धरून उभी राहायला लागली, मुलगी पाइपाला हात लावायला लागली, तेव्हा मास्तर एका सकाळी स्वतः टाकीवर चढले. मोबाइल खाली वळवून त्यांनी आपले हात चौकटीत आणले. लाल व्हायचं तर होऊ दे.

"आज बोलणं नाही. बांधलेली कलमं दाखवा. ज्याच्याकडे जेवढं नेट असेल तेवढं, पण दाखवा."

चौकोन काळेच. मग सुताराच्या पोरीचा चौकोन उघडला. आज कपाळ नव्हतं. मोबाइल तिने कशावर तरी उंच टेकवला होता. सुतारकामाच्या लांब बाकावर रोपंच रोपं, ओळीत मांडलेली, एकूण एक पट्टी सारख्या वेढ्यांची, गाठी एका बाजूला.

"एवढी कोणाची?"

"सगळ्यांची, मास्तर. सगळे पाण्याच्या रांगेत असतात. तुम्ही माझं बरोबर म्हणालात म्हणून सगळ्यांनी पाट्या दुधाच्या गाडीतून माझ्याकडे पाठवल्या. मी बांधून दिल्या."

दुसऱ्याची कलमं बांधली म्हणून मास्तर रागावणारच होते. पण त्या ओळी बघून राग बाजूला राहिला. सफाई नजरेत भरण्यासारखी होती. "एक पिशवी जवळ आण बघू," ते मऊ आवाजात म्हणाले.

तिने आणली. मास्तर पडद्यावर वाकले. हाताची सावली पडद्यावर धरली, डोळे बारीक केले. काडीवरचे कोंब वर बघायला हवे होते. ते खाली, मातीकडे बघत होते.

"दुसरी दाखव."

दुसरीही तशीच. तिसरी तशीच.

"उलट्या!" मास्तर ओरडले. शेजारच्या झाडावरचे पक्षी उडाले. "सगळ्या काड्या उलट्या खोचल्यास! अगं, पायाकडचं टोक आभाळाकडे आणि शेंडा खोडात! अशी काडी जगते का कधी? एवढी अक्कल नाही तुला? झाडाची सगळी फूट संपवली मी त्या काड्यांसाठी. कोणी सांगितलं होतं हे असं करायला?"

पोरगी पिशवी हातात धरून उभी राहिली. तिचा चेहरा मास्तर पहिल्यांदाच पुरता बघत होते. अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

"तुम्हीच," ती म्हणाली.

"मी?"

"बारीक टोकाला पाचर नीट निघत होती, म्हणून मी त्या बाजूने काढली. शेंडे छाटलेले होते, वरचं कुठलं ते कळेना. तुमचे हात दिसत नव्हते. कोंब खाली तोंड करताहेत असं दिसलं, म्हणून मी काडी कॅमेऱ्यासमोर धरून विचारलं. मास्तर, हे असं चालेल का? तुम्ही म्हणालात, शाब्बास, अस्संच कर, सगळ्या काड्यांना अस्संच."

मास्तरांनी चाकू मिटून बादलीवर ठेवला.

पडद्यावर एक चौकोन उघडला. टोपीवाला. मागे पाण्याची रांग. मग जुळ्या बहिणी, दोघी एका मोबाइलमध्ये गाल भिडवून. मग आणखी एक. वर्ग सुरू झाल्यापासून जे झालं नव्हतं ते आता झालं. एकेक करत काळे चौकोन उजळले आणि घामेजलेले, उन्हाने काळवंडलेले चेहरे मास्तरांकडे बघायला लागले. या सगळ्यांची कलमं त्या बाकावर मरत होती. सगळ्यांचं वर्ष.

नेट खराब होतं, नीट दिसलं नाही, असं म्हणता आलं असतं. पोरांनी विश्वास ठेवला असता. आणि आज बोललेलं प्रत्येक अक्षर टिपलं जाऊन कार्यालयात पोचणार, हे मास्तरांना पक्कं माहीत होतं. खताची पोती त्यांच्या डोळ्यांसमोर आली.

"त्या दिवशी मी नव्हतो," ते म्हणाले.

कोणाला काही कळलं नाही.

"तो मी नव्हतो, पोरी. आदल्या दिवशीचा व्हिडिओ लावला होता. मी खाली टँकरला पाइप लावत होतो. तुझा आवाज ऐकला मी. काय विचारतेस ते ऐकायला आलो नाही."

शिडीपाशी काठी टेकवून बायको उभी होती. तिने मान वर केली.

"चूक माझी आहे. तुझी अजिबात नाही. शाळेचं झाड संपलं, पण माझ्या दारच्या झाडाला काड्या आहेत. त्या मी आजच देतो. पट्ट्या सोडा, खोड पुन्हा खाली छाटा, जागा आहे अजून..."

"ते आमच्या विक्रीच्या कलमांसाठी राखलेलं झाड आहे," बायको खालून म्हणाली. मग जरा थांबून, चिडक्या आवाजात, "कापा. तेही बोडकं करा. पोरांची वर्षं बुडवायची नाहीत."

"आता तुम्ही आहात का, मास्तर?" सुताराच्या पोरीने विचारलं.

"म्हणजे?"

"आता जे बोलताय ते तुम्हीच बोलताय का?"

"अगं, मीच! हा काय, समोर बसून बोलतोय."

"त्या दिवशीही बोलत होतात," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. तिला खरंच ठरवता येत नव्हतं, आणि तेच मास्तरांना शिवीपेक्षा जास्त लागलं.

रांगेतून टोपीवाल्याचा आवाज आला. "कान धरा, मास्तर. व्हिडिओतले मास्तर सांगितल्यावर कान धरणार नाहीत."

एरवी या वाक्यावर मास्तरांनी छडी काढली असती. त्यांनी सगळ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. कोणी हसत नव्हतं. त्यांनी मोबाइल विटेवर टेकवला, चेहरा आणि हात दोन्ही दिसतील असा मागे सारला, आणि उजव्या हाताने उजवा कान धरला.

"दुसरा," जुळ्यांपैकी एक म्हणाली.

मास्तरांनी दुसराही धरला. कान तापलेले होते. कोपरं छत्रीच्या सावलीबाहेर आली. खाली बायकोने तोंडावर पदर घेतला. हसते आहे की रडते आहे ते वरून कळत नव्हतं.

"पटलं? आता सोडू?"

सुताराच्या पोरीने पडद्याच्या जवळ येऊन सगळे चौकोन एकदा नजरेखालून घातले. एक अजून काळाच होता. त्यातून मोटारीची घरघर येत होती.

"थांबा," ती म्हणाली. "पंपवाल्याचा अजून आला नाही. त्यालाही बघू दे."

कोणीतरी त्याला दुकानाच्या फोनवर हाका मारायला लागलं. मास्तर दोन्ही कान धरून टाकीवर बसून राहिले.